तापात आकडी आली तर: घड्याळ, कूस आणि पाच मिनिटं

तापात मुलाला आकडी आली की मिनिटभरात घरभर धावपळ होते. कुणी कांदा फोडून नाकाशी धरतं, कुणी चप्पल शोधतं, कुणी तोंडावर पाणी मारतं, आणि दातखीळ उघडायला कुणीतरी चमचा घेऊन येतं. दोन मिनिटांत बाळाचं अंग सैल पडतं आणि यश कांद्याच्या पदरात पडतं. पण तापातल्या बहुतेक आकड्या दोन-तीन मिनिटांत आपोआपच थांबतात. कांदा घरात नसता तरी ती तेव्हाच थांबली असती. या गैरसमजाची किंमत पुढच्या वेळी मोजावी लागते. आकडी पाच मिनिटांच्या पुढे गेली तरी घर कांद्यावरच विसंबून राहतं, आणि ज्या मिनिटाला औषध द्यायचं किंवा गाडी बोलवायची ते मिनिट निघून जातं.

म्हणून आकडी दिसताक्षणी पहिलं काम घड्याळ बघण्याचं. फोन हातात असेल तर स्टॉपवॉच सुरू करा, नसेल तर भिंतीवरची वेळ मोठ्याने बोला, म्हणजे घरातल्या कुणाच्या तरी लक्षात राहते. घाबरलेल्या माणसाला एक मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं. दवाखान्यात ‘अर्धा तास चालली होती’ असं सांगितलं जातं, आणि ती प्रत्यक्षात तीन मिनिटांची असू शकते. डॉक्टरांचे पुढचे सगळे निर्णय या एका आकड्यावर फिरतात.

दुसरं काम बाळाला कुशीवर वळवायचं. पलंगावर असेल तर खाली जमिनीवर, सतरंजीवर किंवा चटईवर घ्या. उशी काढून टाका. डोक्याखाली घडी केलेला टॉवेल चालेल, पण मान पुढे वाकता कामा नये. वरचा पाय गुडघ्यात वाकवून पुढे ठेवला की बाळ पालथं पडत नाही. तोंड थोडं जमिनीकडे कललेलं ठेवा, म्हणजे लाळ, फेस किंवा उलटी बाहेर ओघळते. दूध पिऊन झाल्यावर आकडी आली असेल तर हे फारच महत्त्वाचं. गळ्याजवळचं बटण, टोपडं, ताईत आणि काळा दोरा सैल करा.

यापलीकडे हात रिकामे ठेवायचे. हातपाय दाबून धरल्याने झटके थांबत नाहीत, हाडाला मात्र इजा होऊ शकते. जीभ गिळली जात नाही, ती गिळली जाणं शक्यच नाही. फार तर जीभ किंवा गाल चावला जाऊन लाळेत रक्त दिसेल, ते आपोआप थांबतं. चमच्याने मात्र दात मोडतो आणि तो तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो. आकडी चालू असताना पाणी, औषध, मध, काहीही तोंडात घालू नका. गदागदा हलवू नका. आणि बाळाला मांडीवर दाबून दुचाकीवर दवाखान्याकडे सुटू नका: त्या बसण्यात मान पुढे पडते, श्वासाची वाट अडते, आणि मागे बसलेल्याला ते कळतही नाही. झटके थांबेपर्यंत जमीन हीच सर्वात सुरक्षित जागा. चारचाकीत असाल तर गाडी कडेला घ्या आणि मागच्या सीटवर बाळाला कुशीवर करा.

घरात आणखी कुणी असेल तर त्यांनी व्हिडिओ काढावा. त्या वेळी हे निष्ठुर वाटतं, पण डॉक्टरांना त्याचा मोठा उपयोग होतो. झटके दोन्ही बाजूंना होते की एकाच हाताला, डोळे एका दिशेला वळले होते का, हे आठवणीतून नेमकं सांगता येत नाही.

पाच मिनिटं झाली आणि झटके चालूच आहेत, तर थांबायचं नाही. महाराष्ट्रात आणि गोव्यात 108 ला फोन करा. डॉक्टरांनी मिडाझोलॅमचा, म्हणजे आकडी थांबवणाऱ्या औषधाचा, नाकात मारायचा फवारा दिला असेल तर तो आता वापरायचा. मात्रा साधारणपणे किलोमागे 0.2 मिलिग्रॅम धरतात. दहा किलोच्या मुलाला 2 मिलिग्रॅम, म्हणजे एका फवाऱ्यात 0.5 मिलिग्रॅम देणाऱ्या बाटलीतून चार फवारे, दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन. पण एका फवाऱ्यात जास्त औषध असणाऱ्या बाटल्याही मिळतात, म्हणून ‘चार’ हा आकडा पाठ करू नका. डॉक्टरांकडून आपल्या मुलाच्या वजनाचे आणि आपल्याच बाटलीचे फवारे मोजून घ्या आणि खोक्यावर मार्करने ठळक लिहा. मूल वाढतं, तेव्हा दर सहा महिन्यांनी वजन करून तो आकडा बदलून घ्या.

हा फवारा फसतो तो दोन कारणांनी. नवी बाटली आधी दाबून तयार केलेली नसते, त्यामुळे पहिल्या काही दाबांत नुसती हवा येते. बाटलीसोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं त्याप्रमाणे धुकं दिसेपर्यंत ती हवेत दाबून ठेवायला हवी. दुसरं कारण नाक. तापाबरोबर बऱ्याचदा सर्दी असते, आणि शेंबडाने भरलेल्या नाकात औषध शोषलं जात नाही, गळून जातं. फवाऱ्याआधी फडक्याने नाक पुसून घ्या. औषध दिल्यावर छातीवर नजर ठेवा. क्वचित श्वास मंदावतो, म्हणून फवारा दिला की दवाखान्यात जायचंच.

आकडी थांबली की मूल गाढ झोपतं किंवा अर्धवट जागं होऊन चिडतं, ओळख दाखवत नाही. अर्धा तास, कधी तासभर असं चालतं. त्याला कुशीवरच झोपू द्या. तोंडाने औषध किंवा पाणी पूर्ण शुद्धीवर आल्यावर, नीट गिळता येतंय हे बघून. ताप फार असेल आणि तोंडावाटे देता येत नसेल तर गुदमार्गाने द्यायची पॅरासिटामॉलची कांडी मिळते. ती घरात असलेली बरी.

‘ताप मेंदूत गेला’ म्हणजे काय

सहा महिने ते पाच वर्षं या वयातल्या शंभरांतल्या दोन ते पाच मुलांना तापात आकडी येते. सर्वाधिक आकड्या बारा ते अठरा महिन्यांच्या आसपास येतात. या वयाचा वाढता मेंदू तापाला लवकर उत्तेजित होतो, आणि घराण्यात कुणाला लहानपणी असं झालं असेल तर शक्यता वाढते. ‘ताप मेंदूत चढला’ म्हणतात तसं काही घडत नाही. मेंदूला सूज नसते आणि इजा होत नाही. पंधरा मिनिटांच्या आत संपणाऱ्या, सर्वांगाला येणाऱ्या आणि चोवीस तासांत पुन्हा न येणाऱ्या आकडीला साधी आकडी म्हणतात. अशा आकडीने बुद्धी, बोलणं किंवा अभ्यास मागे पडत नाही.

साधारण एक तृतीयांश मुलांना आकडी पुन्हा कधीतरी येते. पहिली आकडी वर्षाच्या आत आली असेल तर हे प्रमाण निम्म्याच्या आसपास जातं. पुढे मिरगी जडण्याची शक्यता साध्या आकडीनंतर शंभरात एक ते दोन, म्हणजे इतर मुलांपेक्षा जराशीच जास्त. आकडी एकाच बाजूला आली, पंधरा मिनिटांवर गेली किंवा त्याच दिवशी पुन्हा आली, तर ही शक्यता वाढते, आणि तपासणीही वेगळी होते.

आईबापाला सगळ्यात जास्त कुरतडते ती ही बोच: ‘ताप वेळेवर कळला असता तर?’ बऱ्याच मुलांत आकडी आधी येते आणि ताप नंतर कळतो. आकडी हीच तापाची पहिली खूण असते. शिवाय नियमाने ताप उतरवण्याचं औषध दिल्यानेही पुढची आकडी टळते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. ते औषध मुलाला बरं वाटावं म्हणून द्यायचं, पहारा म्हणून नाही. ही गोष्ट मनापासून पटली तर रात्री दर तासाला काखेत थर्मामीटर लावून झोपलेल्या मुलाला उठवणं थांबतं, आणि आईबापालाही थोडी झोप मिळते.

औषधाच्या मात्रेत मात्र ढिलाई नको. पॅरासिटामॉल किलोमागे 15 मिलिग्रॅम, चार ते सहा तासांच्या अंतराने, चोवीस तासांत चार वेळांपेक्षा जास्त नाही. दहा किलोच्या मुलाला एका वेळी 150 मिलिग्रॅम. आता बाटल्या बघा. 5 मिलिलिटरमध्ये 120 मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे सव्वासहा मिलिलिटर लागतात, 250 वाल्याचे तीन, आणि 1 मिलिलिटरमध्ये 100 असलेल्या थेंबांच्या बाटलीचे फक्त दीड. घरात सिरपही असतं, थेंबही असतात. रात्री अंधारात सिरपच्या मापाने थेंबांचं औषध दिलं तर चौपट मात्रा पोटात जाते आणि यकृतावर येते. एकच प्रकार घरात ठेवा, आणि चहाच्या चमच्याऐवजी 5 मिलिलिटरची सुईविना सिरिंज वापरा. आयब्युप्रोफेन पावसाळ्यात, डेंग्यूचा संशय असताना देऊ नका, आणि अॅस्पिरिन लहान मुलाला अजिबात नको.

अंग पुसायचं तर कोमट पाण्याने. बर्फाच्या, कोलन वॉटरच्या किंवा स्पिरिटच्या घड्यांनी कातडी आकसते, मूल कुडकुडतं आणि आतला ताप वाढतो. त्याच वेळी गोधडी, टोपडं, मोजे, स्वेटर असा बंदोबस्तही नको. एक सुती अंगडं पुरे.

कुडकुडणं आणि आकडी यांतही गल्लत होते. थंडी वाजून कापणारं मूल तुमच्याकडे बघतं, हाक ऐकतं, कुशीत घट्ट धरलं की कापणं कमी होतं. आकडीत नजर हरवलेली असते, आणि हात धरला तरी झटका तुमच्या हातात जाणवत राहतो.

दवाखान्यात

पहिली आकडी कितीही छोटी असली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. त्यांना ताप कशाचा हे शोधायचं असतं: घसा, कान, लघवीतला संसर्ग, अंगावर पुरळ उठवणारे विषाणू, आपल्याकडे डेंग्यू आणि मलेरिया. मान ताठ, टाळू फुगलेली, दाबूनही न फिकटणारे लालजांभळे ठिपके, सतत उलट्या, किंवा तासाभरानंतरही न उठणारी झोप यांतलं काही दिसलं तर मेंदूज्वराची शंका असते. तेव्हा पाठीच्या कण्यातलं पाणी तपासायला सांगतील. ‘पाठीत सुई’ म्हणून नकार देऊ नका. वर्षाच्या आतल्या बाळात ही लक्षणं झाकलेली राहतात, म्हणून तिथे डॉक्टर जास्त सावध असतात. साध्या आकडीनंतर मात्र ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी), सीटी स्कॅन किंवा एमआरआयची सहसा गरज नसते. कुणी लगेच सुचवलं तर ‘यातून उपचार बदलणार आहे का?’ हे आवर्जून विचारा. हिमोग्लोबिन जरूर बघून घ्या. लोहाची कमतरता आणि या आकड्या यांचा संबंध दिसलेला आहे, आणि ती भरून काढणं सोपं आहे.

वारंवार येत असतील तर काही डॉक्टर तापाच्या दोन-तीन दिवसांपुरतं क्लोबाझाम हे आकडी टाळण्याचं औषध देतात. त्याने मूल झिंगल्यासारखं चालतं, पडतं, कधी चिडचिडं होतं. हे आधी माहीत असलं म्हणजे नवी भीती उभी राहत नाही. ताप कळायच्या आधीच आकडी येणाऱ्या मुलात या औषधाचा उपयोग मर्यादित. रोजचं वर्षानुवर्षांचं औषध साध्या आकडीला लागत नाही, आणि फेनोबार्बिटोनसारख्या जुन्या औषधाने वागण्यावर नि शिकण्यावर परिणाम होतो.

लसी थांबवू नका. त्रिगुणी लसीनंतर ताप त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी येतो, गोवर-रुबेलाच्या लसीनंतर आठवड्या-दीड आठवड्याने. ते दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवा आणि त्या दिवसांत मुलाला घेऊन लांबचा प्रवास टाळा. गोवर स्वतः आला तर त्याच्या तापाचा आणि मेंदूज्वराचा धोका लशीच्या तापापेक्षा कितीतरी मोठा.

तापाचा पहिला दिवस सगळ्यात जोखमीचा, बहुतेक आकड्या त्या चोवीस तासांत येतात. त्या रात्री मूल शेजारी झोपवा, आणि दोघांनी पाळी लावा: एक दोन वाजेपर्यंत, दुसरा पुढे.

आजी, सांभाळणारी ताई, अंगणवाडीतल्या बाई, सगळ्यांकडे एक चिठ्ठी हवी. ती अशी लिहा: ‘बाळाला तापात आकडी येते. वेळ बघा. जमिनीवर कुशीवर करा. तोंडात काही घालू नका. पाच मिनिटं झाली की फवारा, फवारे इतके. मग 108. मग आम्हाला फोन.’ फवारा किती हे आकड्यात आणि अक्षरात, दोन्ही लिहा. फवारा कुलपात ठेवू नका; मुलाचा हात पोचणार नाही, पण आजीचा पोचेल अशा फळीवर, चिठ्ठीसकट ठेवा. आणि एखाद्या दुपारी उशी घेऊन आजीकडून एकदा ते कुशीवर वळवणं करून घ्या. कांदा शोधायला उठणारी आजी त्यानंतर आधी घड्याळाकडे बघते.