टर्फच्या हिशेबाची वही

रविवार, रात्री साडेअकरा

कोलशेतच्या टर्फवर आज आम्ही तासभर फुटबॉल खेळलो आणि त्यानंतर बाहेरच्या टपरीवर दोन तास भांडलो. आमच्या टोळक्यात खऱ्या नावाने फारसे कोणाला ओळखले जात नाही. जो युरोपातल्या ज्या क्लबचा चाहता, तेच त्याचे नाव. एक चेल्सीवाला, एक माद्रिदवाला, दोन बार्सावाले आणि मी, ठाण्यात जन्मून, कधीही न पाहिलेल्या लिव्हरपूल शहरापायी गेली वीस वर्षे शनिवार-रविवारच्या झोपेचे खोबरे करून घेणारा. वादाला तोंड फुटले ते अगदी निरुपद्रवी प्रश्नावरून: चेल्सीने घेतलेल्या अर्जेंटिनाच्या एन्झो फर्नांडेझला विकायला काढलेच, तर क्लबला किती मिळतील? चेल्सीवाल्याने आकडा सांगितला, तेव्हा बार्सावाल्यांपैकी एक जण चहावर फुंकर घालत म्हणाला, "त्यातून त्या गाण्याचे पैसे वजा कर."

गाणे आमच्यातल्या सर्वांना माहीत होते. 14 जुलै 2024 रोजी कोलंबियाला 1-0 ने हरवून अर्जेंटिनाने कोपा अमेरिका हा दक्षिण अमेरिकेचा चषक जिंकला, आणि संघाच्या बसमधून एन्झोने थेट प्रक्षेपण सुरू केले. त्यात खेळाडू जे गात होते, त्याचा मथितार्थ असा, की फ्रान्सकडून खेळणारे ते खेळाडू खरे तर आफ्रिकेतले, आईबाप तिथले आणि पासपोर्ट तेवढा फ्रान्सचा. चेल्सीच्याच संघात तेव्हा अनेक फ्रेंच खेळाडू होते. त्यांच्यापैकी वेस्ली फोफानाने तो व्हिडिओ जाहीरपणे पुढे ठेवून याला निर्लज्ज वंशद्वेष ठरवले. एन्झोने माफी मागितली, क्लबने अंतर्गत शिस्तभंगाची प्रक्रिया सुरू केली, आणि नवा हंगाम सुरू होऊन थोडे दिवस होतात न होतात तोच त्याच्या दंडावर कर्णधाराची पट्टी दिसली.

"अरे, बसमध्ये सगळेच गात होते," चेल्सीवाला म्हणाला. "फोन याच्या हातात होता, एवढाच याचा गुन्हा."

इथे मला राहवले नाही, कारण विषय माझ्या पोटापाण्याचा निघाला होता. मी बेलापूरला ताळेबंद तपासण्याचे काम करतो आणि क्लबांचे हिशेब वाचण्याचा मला नाद आहे. जानेवारी 2023 च्या अखेरीस चेल्सीने पोर्तुगालच्या बेन्फिका क्लबला एन्झोसाठी सुमारे 10 कोटी 68 लाख पौंड मोजायचे ठरवले आणि त्याच्याशी साडेआठ वर्षांचा करार केला. हिशेबाच्या वहीत माणूस विकत घेतला असे लिहिले जात नाही. विकत घेतली जाते ती त्याची नोंदणी, आणि ती अमूर्त मालमत्ता म्हणून कराराच्या वर्षांत विभागून खर्ची टाकली जाते. साडेआठ वर्षांत विभागली, की वर्षाला जेमतेम सव्वा कोटी पौंडांचा भार दिसतो. पाच वर्षांत विभागली, तर दोन कोटींच्या वर जातो. म्हणूनच तर युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाने, त्याच वर्षी उन्हाळ्यापासून नव्या करारांचा खर्च असा विभागण्याला पाच वर्षांची मर्यादा घातली. याउलट क्लबच्या स्वतःच्या अकादमीत वाढलेल्या पोराची वहीतली किंमत शून्य असते, त्यामुळे त्याला विकून आलेला प्रत्येक पौंड निव्वळ नफा म्हणून दाखवता येतो. मी चेल्सीवाल्याला एवढेच विचारले, की बसमधला तो फोन शून्य किमतीच्या एखाद्या राखीव खेळाडूच्या हातात असता, तर त्याच्या माफीलाही इतक्या लवकर पट्टी बांधली गेली असती का?

त्याच्याकडे उत्तर नव्हते, पण प्रत्युत्तर होते, आणि ते मला येणार हे ठाऊक असायला हवे होते. तो म्हणाला, "सुआरेझच्या वेळी तू काय म्हणाला होतास, ते सांगू सगळ्यांना?"

ऑक्टोबर 2011 मध्ये लिव्हरपूलच्या अॅनफिल्ड मैदानावर आमच्या उरुग्वेच्या लुइस सुआरेझने मँचेस्टर युनायटेडच्या पात्रिस एव्हराला वर्णावरचा एक स्पॅनिश शब्द वापरून डिवचले. डिसेंबरमध्ये इंग्लिश फुटबॉल संघटनेच्या आयोगाने त्याला आठ सामन्यांची बंदी आणि 40 हजार पौंडांचा दंड सुनावला. त्यानंतर विगनविरुद्धच्या सामन्यापूर्वी लिव्हरपूलचे खेळाडू सुआरेझच्या पाठिंब्याचे टी-शर्ट घालून मैदानात उतरले होते. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो आणि ठाणे ते बेलापूर या रोजच्या गाडीत याच चेल्सीवाल्याला समजावत असे, की उरुग्वेच्या स्पॅनिशमध्ये तो शब्द मित्रही मित्राला लाडाने म्हणतात, की हा सारा भाषेचा गैरसमज आहे, की एव्हरा मुळातच कांगावखोर. मला स्पॅनिशचे ओ की ठो कळत नव्हते. आयोगाने मात्र त्या भाषेच्या जाणकारांना बोलावून नीट विचारले होते, आणि भांडणाच्या भरात, समोरच्याला खिजवताना उच्चारलेला तो शब्द लाडाचा असू शकत नाही, असा निष्कर्ष काढला होता. तो अहवाल वर्षअखेरीस प्रसिद्ध झाला. मी तो वाचला नाही. सुआरेझ गोल करत होता, मग वाचायचा कशाला? पुढे 2014 मध्ये साडेसहा कोटी पौंडांच्या आसपास घेऊन क्लबने त्याला बार्सिलोनाला विकले, तेव्हा मला दुःख झाले ते फक्त गोलांचे. त्या दिवशी टी-शर्ट घातलेल्यांपैकी जेमी कॅरॅगरने 2019 मध्ये दूरचित्रवाणीवर एव्हराच्या शेजारी बसून त्याची माफी मागितली. ती चित्रफीत मी पाहिली आणि कोणाला पाठवली नाही. एरवी लिव्हरपूलचे काहीही असले, तरी मी ते ग्रुपवर टाकल्याशिवाय राहत नाही.

यानंतरचा वाद नेहमीच्या वळणाने गेला. माद्रिदवाल्याने रेआल माद्रिदच्या कृष्णवर्णीय व्हिनिसियसचा विषय काढला: 21 मे 2023 रोजी व्हॅलेन्सियाच्या मेस्ताया मैदानात त्याला प्रेक्षकांनी माकड म्हणून हिणवले आणि त्याच सामन्यात लाल कार्डही त्यालाच मिळाले. ते कार्ड पुढे रद्द झाले, आणि जून 2024 मध्ये तीन प्रेक्षकांना आठ-आठ महिन्यांची शिक्षा झाली. यावर दुसरा बार्सावाला म्हणाला, की तोही प्रेक्षकांना उचकवतो. मग माद्रिदवाला उसळला, आणि दहा मिनिटे दोघेही एकमेकांच्या क्लबांचे जुने पाप उकरत राहिले. मी हे भांडण इतक्या वेळा ऐकले आहे, की कोण कधी कोणते वाक्य बोलणार, हे मला पाठ आहे. वंशद्वेष वाईट, हे प्रत्येकाला मान्य असते. फक्त तो नेहमी दुसऱ्याच्या जर्सीत असतो.

मध्येच कोणीतरी, बहुधा चेल्सीवाल्याने, कडेला बुटांच्या नाड्या सोडत बसलेल्या पोराला विचारले, "ए नेपाळी, तू सांग, एन्झोचे किती मिळतील?" हा पोरगा गेले दीड वर्ष आमच्यात खेळतो, टर्फजवळच्या एका हॉटेलात कामाला आहे आणि खरे सांगायचे तर आमच्यात फुटबॉल येणारा तोच एकटा. तो हसला आणि मोडक्या मराठीत म्हणाला, "दादा, पास चांगला देतो, पण मागे पळत नाही. मी असतो तर इतके नसते दिले." सगळ्यांना ते पटले. नंतर ड्यूटी आहे म्हणून तो निघून गेला आणि आम्ही पुन्हा फ्रान्सच्या खेळाडूंचे आईबाप कुठले, यावर आलो.

घरी येऊन जेवण झाल्यावर मी वही काढली. टर्फचे पैसे मी गोळा करतो, आणि सवयीने ते मोबाइलमध्ये न लिहिता वहीत लिहितो: तारीख, नाव, रक्कम. नावाच्या रकान्यात माझ्या सुबक अक्षरात चेल्सी, माद्रिद, बार्सा मोठा, बार्सा छोटा, आणि शेवटच्या ओळीत नेपाळी. दीड वर्षाच्या प्रत्येक रविवारी नेपाळी. तो मिझोरमचा आहे, हे त्याने पहिल्याच दिवशी सांगितले होते. मला ते आठवतही होते. त्याचे पैसे दर रविवारी सर्वांत आधी यूपीआयने येतात, आणि त्याचे पूर्ण नाव, तीन शब्दांचे, माझ्या पडद्यावर उमटते. मी रक्कम बरोबर आहे ना ते पाहतो आणि वहीत नेपाळी लिहितो. आयुष्यभर इतरांच्या नोंदी तपासणाऱ्या माणसाच्या वहीत ही नोंद!

तो नेहमी एक विटकी लाल जर्सी घालून येतो. आमच्यात इतरांना क्लब आहेत, तसा त्याचाही एखादा असेल, हे मला सुचलेच नव्हते. लाल आहे म्हणजे लिव्हरपूल असणार, असे मी मनाशी धरून चाललो होतो. मघाशी त्याला संदेश पाठवून विचारले. उत्तर लगेच आले: ऐझॉल एफसी. मग मला 2017 आठवले. त्या वर्षी ऐझॉलने आय-लीग ही देशातली फुटबॉल साखळी स्पर्धा जिंकली होती, ईशान्य भारतातल्या क्लबने ती जिंकण्याची ती पहिलीच वेळ. त्या संघाचा प्रशिक्षक होता मुंबई एफसीतून गेलेला खालिद जमील, आणि मधल्या फळीत होता आपल्या मुंबईचा जयेश राणे. विजेतेपदानंतर जमील ईस्ट बंगालला गेला, राणे कोलकात्याच्या एटीकेला, आणि तो संघ वर्षभरात विखुरला. इकडून तिकडे गेलेल्या आपल्या माणसांना तिथे कोणत्या नावाने हाक मारत असतील, असा विचार मनात आला. विचारू का त्याला? पण रात्र बरीच झाली होती, आणि त्याची ड्यूटी सुरू होती.

आजच्या तारखेखालची शेवटची ओळ मी खोडली आणि यूपीआयच्या पडद्यावर पाहून एकेक अक्षर जुळवत त्याचे नाव लिहिले. दोनदा चुकले. नाव लांब आहे, ते रकमेच्या रकान्यात गेले, म्हणून आजची रक्कम खाली वेगळी लिहिली आहे.