खाडी कधी गेली?

शुक्रवार, २६ डिसेंबर २०२५
गिरगाव, रात्रीचे सव्वाअकरा

आज आई विमानात पाणी प्यायली. दोनदा. हे सगळ्यात आधी लिहून ठेवते.

मुंबईला यायचं ठरलं की आई आदल्या रात्रीपासून पाणी तोडते, हे मला गेल्या वर्षापर्यंत माहीतच नव्हतं. गेल्या मे महिन्याच्या आधीच्या मे महिन्यात आलो, तेव्हा विमानतळावरून टॅक्सी केली आणि गिरगावात पोचायला दोन तास दहा मिनिटं लागली. वाकोल्याच्या पुलावर गाडी इंचाइंचाने सरकत होती. लेक माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेली, आणि आई दरवाज्याची मूठ घट्ट धरून गप्प बसलेली. मला वाटलं, ऊन लागलं असेल. घरी पोचल्यावर ती चपला न काढता तशीच आत गेली, आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रात्री विचारलं तर म्हणाली, "ड्रायव्हरला कसं सांगायचं गं? आणि तो थांबवणार कुठे?"

खरंच, कुठे थांबवणार? वीस-बावीस किलोमीटरचा रस्ता, आणि त्यात पंचाहत्तरीच्या बाईला निर्धास्तपणे जाता येईल अशी एक जागा मलाही सांगता आली नसती. पूल, उड्डाणपूल, सागरी सेतू, सगळं बांधून झालं आहे. ही एक गोष्ट कुणाच्या नकाशात नाही. तेव्हापासून माझ्या मनात हे सलत होतं.

म्हणून या खेपेला मेट्रोनेच जायचं असं मी बंगळूरला असतानाच ठरवून टाकलं. नवऱ्याचं म्हणणं होतं, दोन मोठ्या बॅगा, आईचे गुडघे, नऊ वर्षांची पोर, गाडीच बरी. त्याचंही चुकत नव्हतं. पहाटे जयनगरहून निघून वायुवज्र बसने देवनहळ्ळीचा विमानतळ गाठेपर्यंतच आम्ही निम्मे दमलो होतो. पण आईला मी रात्रीच सांगितलं होतं, "उद्या तासाभराच्या आत घरी. पाणी पी." तिने माझ्यावर विश्वास ठेवला. आता तो खोटा ठरू नये एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मुंबई विमानतळाच्या टी-२ ला (टर्मिनल दोनला) उतरल्यावर आधी आईला स्वच्छतागृहात नेलं आणि बाहेर निवांत उभी राहिले. मग बाणांच्या मागे सामान ओढत मेट्रोकडे. बॅगा तपासणीच्या यंत्रातून काढून घ्यायला नवऱ्याला जरा झटापट करावी लागली, पण लिफ्ट मिळाली आणि आईला एकही जिना उतरावा लागला नाही. फलाटावर थंडगार. लेकीने भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून स्थानकं मोजली. आरेपासून कफ परेडपर्यंत सत्तावीस, आणि आपलं गिरगाव इथून सोळावं. ही मेट्रो तीन तुकड्यांत सुरू झाली. आरे ते बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल, ऑक्टोबर २०२४ मध्ये, तिथून वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत मे २०२५ मध्ये आणि पुढे कफ परेडपर्यंत या ऑक्टोबरमध्ये. म्हणजे दोनच महिने-अडीच महिने झालेत. दिवाळीच्या आधीच्या उन्हाळ्यात आलो असतो तर वरळीलाच उतरून पुन्हा टॅक्सी शोधावी लागली असती. अख्ख्या मार्गाचं सगळ्यात लांबचं तिकीट ७० रुपये. गेल्या खेपेचे टॅक्सीचे पैसे मला आजही आठवतात.

गाडीत शिरताच कुणीतरी उठून आईला जागा दिली. दार बंद झालं. आई खिडकीकडे वळली, तर बाहेर काळोख.

"काही दिसणार नाही का?"

"नाही गं, सगळं जमिनीखालून."

ती जरा हिरमुसली. गिरगावकरांचा एक जुना हिशेब आहे. विमानतळाचं सहार काय, अंधेरी काय, ती मुंबई नव्हे. माहीमची खाडी ओलांडली की मुंबई. १९८८ साली बाबा मस्कतहून पहिल्यांदा परत आले, तेव्हा त्यांना आणायला आमच्या चाळीतून दोन टॅक्स्या भरून माणसं गेली होती. काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी, कॅरियरवर दोरीने बांधलेल्या बॅगा, मीटरचा आकडा तक्त्यावर लावून भाडं काढायचं. मी चालकाशेजारी आत्याच्या मांडीवर. येताना खाडीचा तो उग्र वास आला आणि बाबा मागून म्हणाले, "आली मुंबई." दोन वर्षं वाळवंटात काढलेला माणूस तो वास छातीत भरून घेत होता. बाबांना जाऊन बारा वर्षं झाली. त्यानंतरही टॅक्सीतून येताना आई खाडीपाशी काच खाली करायची. का ते मी कधी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

आज काच खाली करायची सोय नव्हती. बीकेसी गेलं आणि आईने विचारलं, "खाडी कधी येईल?"

मी म्हटलं, "आत्ता आपण मिठी नदीच्या खालून चाललोय. तीच पुढे खाडीला मिळते." हा बोगदा खणणाऱ्या यंत्रांना गोदावरी, कृष्णा, वैतरणा, तानसा अशी आपल्याच नद्यांची नावं दिली होती, हेही सांगितलं. आई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे नदीच नदीच्या खालून गेली." आणि धारावीची घोषणा झाली तेव्हा लेकीचा हात हातात घेऊन हळूच म्हणाली, "आली मुंबई." वास नाही, वारा नाही, तरी तिने बाबांचं वाक्य बरोबर जागेवर म्हटलं. माझे डोळे भरून आले.

तिथून पुढे आई डोळे मिटून बसली आणि प्रत्येक स्थानकाला वर काय आहे ते नातीला सांगू लागली. शितलादेवीला, "देवीची साथ यायची ना, तेव्हा बायका इथे नवस बोलायच्या." दादरला फुलबाजार. वरळीच्या पुढे गिरण्या आणि त्यांचे भोंगे. महालक्ष्मीला सात रस्ता. मुंबई सेंट्रलच्या स्थानकाला जगन्नाथ शंकरशेट यांचं नाव आहे, ते ऐकून तिने डोळे उघडले. "आमच्या रस्त्याचे नाना!" १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली, ती रेल्वे इथे यावी म्हणून झटलेला माणूस. त्याचं नाव इथे द्यायला हवंच होतं, मला मनापासून आवडलं. आईला मात्र वरचा एसटीचा डेपो आठवत होता. मे महिन्यात कोकणातून फणस आणि आंब्याच्या पेट्या घेऊन ती तिथे उतरायची. ग्रँट रोडला भाजीगल्ली. जमिनीखाली शहर दिसत नाही हे खरं, पण ज्याच्या पोटात ते आहे त्याला नावांवरून सगळं दिसतं. लेकीला काय दिसलं कोण जाणे. ती ऐकत मात्र होती.

भुयारात फोनला रेंज नव्हती. मामाला आधीच सांगून ठेवलं होतं, साडेबाराच्या सुमारास तिकिटाच्या फाटकापाशी उभा राहा. पूर्वी सहारला जाळीपाशी उभे राहायचो तसाच तो उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. आई लिफ्टमधून बाहेर आली आणि त्याने वाकून नमस्कार केला.

मामाची चाळ याच मेट्रोच्या कामात पाडली गेली. तेव्हापासून तो दोन गल्ल्या पलीकडे भाड्याच्या खोलीत आहे. नवीन इमारतीत घर मिळणार आहे, कागद आहेत, तो वाट पाहतोय. मी दिवसभर या मेट्रोचं कौतुक करत होते आणि मामाला पाहिल्यावर ते शब्द घशातच राहिले. आईच्या गुडघ्यांना आज जे सुख मिळालं त्याची किंमत मामाने दिली आहे, त्याच्यासारख्या शेकडो घरांनी दिली आहे. सत्तरी उलटलेल्या माणसाला घरासाठी इतकी वर्षं ताटकळत ठेवू नये. हे मी नवऱ्याला बोलले, मामाला बोलायचा धीर झाला नाही.

रस्त्यावर आल्यावर मामा थांबला. पत्र्याच्या कुंपणाकडे हात करून म्हणाला, "ताई, तो आपला जिना. आणि त्याच्या मागे तुझी खिडकी."

आईने कुंपणाच्या वर, मोकळ्या आकाशाकडे पाहिलं. "तुळस नेलीस ना तू?"

"नेली. दोनदा बदलली. पण वाण तेच."

मग आम्ही सगळे हळूहळू चालत निघालो. मामाने एक बॅग घेतली, लेकीने आजीचा हात. ठाकूरद्वाराच्या बाजूने बटाटेवड्याचा वास येत होता. घड्याळात पाहिलं. विमानतळाच्या दारातून निघून एक तासही झाला नव्हता.

खोलीच्या दारात आईने चपला काढल्या. भिंतीला लावून नीट जोडीने ठेवल्या. आत येऊन खुर्चीत टेकली आणि मामीला म्हणाली, "आधी चहा टाक बाई. मोठा कप."