फीडिंग ट्यूबचं लायसन्स: दाण्याचा रिपोर्ट चालत नाही

आमचं युनिट वाळूजला. माल पीव्हीसीच्या इन्फंट फीडिंग ट्यूब आणि राइल्स ट्यूबचा, म्हणजे नाकातून पोटात घालायच्या नळ्यांचा. नाकातून जाणारी, 30 दिवसांच्या आत काढायची वस्तू, म्हणून वैद्यकीय उपकरणांच्या जोखमीच्या वर्गवारीत वर्ग बी. अर्ज एमडी-3, लायसन्स एमडी-5, देणार राज्याचं एफडीए. फी जागेची 5000 आणि दर उत्पादनाची 500. पोर्टल, चलन, प्लांट मास्टर फाइल (कारखान्याची सगळी माहिती) होऊन जातं. फाइल अडते ती बायोकॉम्पॅटिबिलिटीवर, म्हणजे वस्तू शरीराला अपाय करत नाही या पुराव्यावर.

दाणा, म्हणजे नळीचा कच्चा माल असलेलं दाणेदार पीव्हीसी, देणारा पुरवठादार चकचकीत रिपोर्ट हातात ठेवतो: मेडिकल ग्रेड, आयएसओ 10993 (याच चाचण्यांचं मानक) पास. कन्सल्टंट म्हणतो, "साहेब, हाच जोडा, सगळे जोडतात." ऑडिटर पहिल्याच पानावर विचारतो, चाचणीचा नमुना कोणता? दाणा! पेशंटच्या नाकात दाणा जात नाही. नळीत एक्स-रेला दिसणारी बेरियम सल्फेटची रेघ असते, सेंटिमीटरच्या खुणांची शाई असते, कनेक्टर सायक्लोहेक्झानोनने चिकटवलेला असतो आणि शेवटी ईटीओ, म्हणजे एथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुकीकरण, झालेलं असतं. रिपोर्टात यातलं काहीच नाही. ऑडिटरची क्वेरी रास्तच आहे. राग येतो तो पुरवठादाराचा, कारण त्याला हे पक्कं ठाऊक असतं.

मग तयार, स्टराइल नळीवर सायटोटॉक्सिसिटी (पेशींना विषारी आहे का), इरिटेशन (दाह होतो का), सेन्सिटायझेशन (अ‍ॅलर्जी येते का) या चाचण्या पुन्हा पहिल्यापासून. सायटो लवकर उरकते. गिनीपिगवरची सेन्सिटायझेशन महिनाभर खाते, वर लॅबची रांग वेगळी. नमुने सढळ हाताने पाठवा, कारण चाचणी नळी द्रावणात ठेवून काढलेल्या अर्कावर होते. भिंत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा पातळ असली की 1 मिली अर्काला 6 चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग लागतो. 5 एफआरची (फ्रेंच, नळीच्या जाडीचं माप) 50 सेंटिमीटरची नळी आतून-बाहेरून मिळून साधारण 40 चौरस सेंटिमीटर भरते, म्हणजे अर्क जेमतेम 7 मिली. नमुने कमी पडले की लॅब फाइल बाजूला ठेवते. सगळ्या नळ्या एकाच बॅचच्या, ईटीओनंतरच्या हव्यात. आणि हो, ही बॅच काढण्याआधी एमडी-13 (चाचणीपुरता माल बनवायचा परवाना) हातात पाहिजे, हे कन्सल्टंट हमखास शेवटी सांगतात.

ईटीओच्या अवशेषाचंही बघा. पहिल्या 24 तासांची 4 मिलिग्रॅमची मर्यादा 70 किलोच्या माणसावर बेतलेली आहे. 5 एफआर लागते ती दीड-दोन किलोच्या बाळाला. 10993-7 ला (मानकाचा ईटीओ अवशेषांचा भाग) 2019 साली जोडलेल्या दुरुस्तीप्रमाणे वजनावर हिशेब मांडा आणि एअरेशन (वायू उडून जायला हवेशीर ठेवणं) वाढवा.

एजिंगची बॅच, म्हणजे माल किती वर्षं टिकतो ते उष्णतेत लवकर तपासायची, लॅबच्या नमुन्यांसोबतच चेंबरमध्ये टाका. साठवण 25 अंशाला धरून 55 अंशाला 91 दिवस म्हणजे 2 वर्षं. लेबलवर "30 अंशांखाली ठेवा" छापलंत तर पत्र्याच्या शेडमधल्या स्टोअरच्या मे महिन्यातल्या तापमानाच्या नोंदी ऑडिटर मागणारच. आपल्याकडचा उन्हाळा त्यांनाही माहीत आहे.

दाण्याच्या पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) एक ओळ टाका: प्लास्टिसायझर (पीव्हीसी मऊ करणारं द्रव्य) किंवा फॉर्म्युला बदलण्याआधी लेखी कळवणे. न सांगता बदलला, तर नळीच्या रिपोर्टचाही उपयोग राहत नाही.