राहू दे

कालपासून दोनच शब्द डोक्यात अडकलेत. 'आई, राहू दे.'

गुडघे दुखताहेत ते वेगळं. ते दुखणारच होते. वेल्समधल्या ट्रिव्हन डोंगराच्या उत्तरेच्या सोंडेवर हात लावल्याशिवाय पुढे सरकताच येत नाही. ओगवेन तळ्याकाठून निघालो तेव्हा निम्मा डोंगर ढगात होता. 'तोफ' म्हणतात त्या तिरक्या धोंड्यापाशी जरा उघडलं. कातळ ओला, पण खरखरीत. हाताला विश्वास वाटावा असा. हाही ज्वालामुखीचाच, फक्त आपला सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांचा आणि हा सुमारे ४५ कोटी वर्षांचा. म्हटलं, चला, माझ्याहून म्हातारं कुणीतरी आहे इथे.

माथ्यावर ते दोन उभे दगड, अ‍ॅडम आणि ईव्ह. वेल्शमध्ये शॉन आणि शान. एकावरून दुसऱ्यावर उडी मारायची. अंतर जेमतेम चार फूट, पण पूर्वेला सरळ कडा. लेकीने मारली. खाली आली, हात झटकले. मी दगडाला हात लावला, तेवढ्यात ते वाक्य.

चिडून म्हणाली असती तर भांडता आलं असतं. पण किती मऊ बोलली! हा सूर मला माहीत आहे. पुण्याला फोन केला की मीही तोच लावते. असो.

नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढले तेव्हा ही जन्मलीही नव्हती. दोर नव्हता, बूट तर बाटाचे. हे आता कुणाला सांगायचं? आणि सांगून तरी काय, 'हो आई' म्हणेल. तेही मऊच. रात्रभर हेच. 'राहू दे' म्हणजे नक्की काय राहू दे?

खरं म्हणजे मी उडी मारणारच नव्हते. वाऱ्याच्या आडोशाला त्या दगडामागे बसून चटणी-पोळी खायची होती, म्हणून हात टेकला. हे आज सकाळी चहा गाळताना लक्षात आलं आणि एकटीच हसले. म्हणजे तिला वाटलं, आई मारेल उडी. अजूनही असं वाटू शकतं तिला!

या डोंगराची उंची ९१५ मीटर धरायचे, २०१० साली पुन्हा मोजली तर ९१७.५ भरली. हे तिनेच वाचून दाखवलं, उतरायच्या आधी.

उतरताना बुल्खच्या, म्हणजे खिंडीच्या, बाजूच्या घसाऱ्यावर तीच दोनदा बसली. मी काही बोलले नाही. हसले फक्त, तेही तोंड वळवून.