दिमित्साना: ग्रंथांची काडतुसं झाली ते गाव

आजचा दिवस दिमित्सानात. ग्रीसच्या आर्केडियात, लुसिओस नदीच्या घळीवर सुमारे ९५० मीटर उंचीवरचं दगडी गाव. ऑटोमन तुर्कांविरुद्धच्या १८२१ च्या ग्रीक उठावात इथल्या पाणचक्क्यांवर बंदुकीची दारू बनायची. गावाबाहेरच्या जलशक्ती संग्रहालयात ती दारू कुटणारी मुसळं बघता येतात: वरून पाणी पडतं, चाक फिरतं, लाकडी मुसळं उखळात आपटतात. आत सोरा (पोटॅशियम नायट्रेट), गंधक, कोळसा. पाऊण हिस्सा सोराच. मिश्रण ओलसर ठेवायचं, कोरडं पडलं की भडकाच. काडतुसांना कागद कमी पडला तेव्हा इथल्या जुन्या शाळेच्या ग्रंथालयातली पुस्तकं फाडली. चूक नव्हती, पण जिवाला लागतंच! शाळा १७६४ ची. गल्ल्यांतले दगड पावसात भलते निसरडे, चांगल्या पकडीचे बूट हवेतच.