आठ कार्डे आणि एक पिवळा दिवा: रंगोपचाराचा माझा अनुभव

रंगोपचाराची, म्हणजे रंगीत दिव्याच्या प्रकाशात पडून राहण्याच्या उपचाराची, बारा सत्रे पूर्ण होऊन वर्ष होत आले, तरी त्या केंद्रातल्या निवड-चाचणीचा विषय निघाला की माझे डोके आजही तापते. झोप उडाली होती, मान आखडलेली असे आणि दुपार उलटली की अंगातले त्राण संपून जाई, म्हणून मी तिथे गेले होते. नावनोंदणी आणि पहिली भेट विनासायास पार पडली. घोडे पेंड खाऊ लागले ते आठ रंगीत कार्डांपाशी.

ही कार्डे टेबलावर पसरून, सर्वांत हवासा वाटणारा रंग आधी आणि नकोसा वाटणारा शेवटी, अशा क्रमाने लावायला सांगतात. त्या क्रमावरून शरीरात कोणत्या रंगाची उणीव आहे हे ठरते आणि त्यानुसार दिव्याचा रंग निश्चित होतो, असे मला सांगण्यात आले. लागोपाठ तीन भेटींत एकच क्रम आला पाहिजे, अन्यथा सत्रे सुरू होत नाहीत, हा तिथला नियम. पहिल्या भेटीला सायंकाळ झाली होती, पडदे ओढलेले होते आणि वातावरणनिर्मितीसाठी कोपऱ्यात एक मंद पिवळा दिवा लावलेला होता. त्या उजेडात गडद निळे कार्ड मला काळपट दिसले, जांभळे मातकट वाटले, आणि ही दोन्ही मी शेवटी सारली. आठवड्याने सकाळी गेले तेव्हा खिडकी उघडी होती. तेच निळे कार्ड असे उजळून निघाले होते की मी ते पहिल्या क्रमांकावर ठेवले. "तुमचे मन फार अस्थिर आहे," असे निदान उपचारक बाईंनी केले आणि वहीत तशी नोंदही केली.

वस्तुतः कार्डाला स्वतःचा उजेड नसतो. त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातला जो भाग ते परतवते, तोच आपल्याला रंग म्हणून दिसतो. मंद पिवळ्या दिव्याच्या प्रकाशात निळा भाग मुळातच अत्यल्प असतो, मग निळ्या कार्डाने परतवायचे तरी काय? हे मी शक्य तितक्या नम्रपणे मांडले. "रंग डोळ्यांनी नाही, मनाने निवडायचा असतो," असे उत्तर मिळाले. तिसऱ्या भेटीत पुन्हा सायंकाळ, पुन्हा तोच दिवा आणि पुन्हा वेगळा क्रम. शेवटी माझा संयम संपला. घरी बसून मी एक क्रम ठरवला, तो चक्क पाठ केला (निळा, हिरवा, जांभळा, पिवळा, तांबडा, करडा, तपकिरी, काळा) आणि पुढच्या तिन्ही भेटींत कार्डांकडे नीट न बघताच ती लावून टाकली. मन स्थिर झाल्याबद्दल माझे अभिनंदन करण्यात आले, आणि खोटे कशाला बोलू, मला त्याचा थोडा अभिमानही वाटला.

चाचणीसोबतची प्रश्नावलीही तितकीच अजब होती. लहानपणीच्या खोलीच्या भिंतींचा रंग तीत विचारला होता, स्वप्ने रंगीत पडतात का हेही विचारले होते. मात्र चालू औषधे, डोळ्यांचे विकार, अर्धशिशी यांच्यासाठी एकही रकाना नव्हता. मी त्या काळात त्वचेसाठी डॉक्सिसायक्लिन घेत होते आणि या औषधाने त्वचा अतिनील किरणांना हळवी होते. तिथले दिवे साधे रंगीत एलईडी होते, म्हणून काही बिघडले नाही. तरी दिवा कोणत्या प्रकारचा आहे, हे आधी विचारून घ्यावे. ज्यांना उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येण्याचा आजार आहे, त्यांनी तर प्रखर प्रकाशाचा कोणताही उपचार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, कारण त्याने उन्माद उफाळू शकतो.

प्रत्यक्ष सत्रांविषयी सांगण्यासारखे थोडेच आहे. वीस मिनिटे हिरव्या किंवा निळ्या प्रकाशात स्वस्थ पडून राहायचे. मान सैल होई, मन निवे. फोन बाहेर ठेवलेला असे, यालाच मी त्याचे निम्मे श्रेय देते. थकव्यासाठी दिलेल्या तांबड्या प्रकाशाने मात्र थकवा तसूभरही हटला नाही. पुढे रक्ततपासणी केली, तेव्हा हिमोग्लोबिन 9 निघाले. ही तपासणी कार्डांच्या आधी करायला हवी होती.

प्रतीक्षाकक्षातल्या फलकावर 'प्रकाश हेच औषध' असे ठळक अक्षरांत लिहिले होते. कावीळ झालेल्या नवजात बाळाला निळ्या प्रकाशाखाली ठेवतात, हा दाखला त्याखाली दिलेला होता आणि तो खराही आहे: साधारण 460 ते 490 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाने त्वचेतल्या बिलिरुबिनचे (काविळीत साठणाऱ्या पिवळ्या द्रव्याचे) रूप बदलते आणि ते शरीराबाहेर टाकले जाऊ शकते. हिवाळी नैराश्यावरही सकाळी सुमारे अर्धा तास 10,000 लक्सचा (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) प्रखर प्रकाश वापरतात, तो मात्र पांढरा असतो. या दोन्हींत तीव्रता आणि वेळ मोजलेली असते. बाळाला तुझा आवडता रंग कोणता, असे कोणी विचारत नाही.

याच निळ्याने मला शेवटचा फटका दिला. निळा रंग शांत करतो, म्हणून झोपण्यापूर्वी तासभर निळा दिवा लावा, असे घरी करायच्या उपायांत सांगितले होते. मी तो आठवडाभर निष्ठेने लावला आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत छताकडे बघत पडले. डोळ्यांच्या पडद्यात दिवस-रात्रीची जाणीव ठेवणाऱ्या ज्या पेशी असतात, त्या 480 नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशालाच सर्वाधिक दाद देतात आणि मग झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन दबते, हे मी नंतर वाचले. निळा दिवा त्याच दिवशी काढून ठेवला. आता रात्री नऊनंतर खोलीत एकच मंद पिवळा दिवा असतो, त्या केंद्राच्या कोपऱ्यात होता अगदी तसाच, आणि त्याच्या उजेडात माझी निळी चादर काळपट दिसते.