ब्राइटनेस कमी केला आणि डोकं जास्तच दुखायला लागलं

गेल्या वर्षी चार-पाच महिने माझं रोज संध्याकाळचं एकच गाऱ्हाणं होतं, डोळे चुरचुरतायत. चार वाजले की डोळ्यात वाळू गेल्यासारखं व्हायचं, सहापर्यंत भुवयांच्या मधोमध ठणका सुरू, आणि रात्री घरचे म्हणायचे की तू आमच्याकडे पण डोळे बारीक करून बघतोयस. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून तपासून आलो तर नंबर जिथल्या तिथे. डॉक्टरांनी कोरडेपणासाठी थेंब दिले आणि उठता उठता विचारलं, स्क्रीनचा ब्राइटनेस किती ठेवता? मला सांगताच येईना. ज्या वस्तूकडे रोज दहा तास बघतोय तिच्या सेटिंगला घेतल्या दिवसापासून मी हात लावला नव्हता.

घरी येऊन मॉनिटरच्या खालची बटणं चाचपडत मेनू उघडला तर ब्राइटनेस १००, शार्पनेस वाढवलेला, आणि रंगांचा मोड सगळ्यात भडक असतो तो. बरेच मॉनिटर असेच चकचकीत सेटिंगवर येतात. साधा ऑफिसचा मॉनिटर फुल ब्राइटनेसवर २५० ते ३०० निट्स (स्क्रीनचा उजेड मोजायचं एकक) उजेड फेकतो, आणि रंगांचं जे एसआरजीबी स्टँडर्ड आहे त्यात स्क्रीनचा उजेड धरलाय फक्त ८० निट्स. म्हणजे रात्री एका दिव्याच्या खोलीत मी तिप्पट-चौपट उजेडाकडे टक लावून बसत होतो.

किती ठेवायचा याला आकडा पाठ करायची गरज नाही, एक कोरा पांढरा कागद घ्या, स्क्रीनवर कोरं डॉक्युमेंट उघडा आणि कागद स्क्रीनच्या शेजारी धरा. स्क्रीन ट्यूबलाइटसारखी वाटली तर उजेड जास्त आहे, कागदापुढे करडी मळकट वाटली तर कमी आहे, दोन्ही साधारण सारखे दिसले की झालं. आणि हे दिवसा एक आणि रात्री वेगळं निघणार, कारण खोलीतला उजेड बदलतो. मला हे समजायला वेळ लागला की डोळ्यांना त्रास नुसत्या जास्त उजेडाचा होत नाही, स्क्रीन आणि तिच्या मागची भिंत यांच्यातल्या फरकाचा होतो. अंधाऱ्या खोलीत मंद केलेली स्क्रीन सुद्धा टोचते, आणि आपल्या पाठीमागे खिडकी असेल तर तिचं प्रतिबिंब काचेवर पडून तुम्ही कितीही सेटिंग करा अक्षरं फिकीच दिसतात. टेबल फिरवून खिडकी बाजूला घेतली तो दिवस मला अजून आठवतो, इतका फरक पडला.

आता खरी गोष्ट. कागद धरून मी ब्राइटनेस रात्रीसाठी २० वर आणला आणि वाटलं सुटलो. तिसऱ्या दिवशी डोकं आधीपेक्षा जास्त दुखायला लागलं. चुरचुर कमी, पण डोक्यात घण पडतायत. काहीच कळेना, सगळे तर म्हणतात ब्राइटनेस कमी करा. शोधत शोधत गेलो तेव्हा पीडब्ल्यूएम हा शब्द सापडला. अनेक स्क्रीनमध्ये मागचा एलईडी दिवा खरं तर मंद होतच नाही, तो सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होतो आणि ब्राइटनेस कमी करणं म्हणजे बंद राहायचा वेळ वाढवणं. डोळ्याला ती उघडझाप दिसत नाही, सरासरी उजेड तेवढा दिसतो, पण काही लोकांना त्याने डोकं दुखतं, मळमळतं, डोळे शिणतात. सगळ्यांना नाही होत, माझ्या शेजारी बसणाऱ्याला त्याच मॉनिटरवर काहीच होत नव्हतं, म्हणूनच हे पटकन कोणाच्या लक्षात येत नाही आणि आपल्याला वाटतं आपलेच डोळे कमजोर.

तपासायला काही विकत आणावं लागत नाही. खोलीतले दिवे घालवा, स्क्रीनवर पूर्ण पांढरं पान ठेवा, ब्राइटनेस अगदी कमी करा आणि स्क्रीनसमोर पेन्सिल भराभर डावी-उजवीकडे हलवा. पेन्सिलीचा एकसंध पुसट पट्टा दिसला तर ठीक. वेगवेगळ्या, तुटक, पंख्याच्या पात्यांसारख्या पेन्सिली दिसल्या तर दिवा फडफडतोय. माझ्याकडे अगदी मोजता येतील इतक्या दिसल्या, बघून पोटात गोळा आला, कारण ब्राइटनेस उतरवल्यापासून मी हे डोळ्यासमोर घेऊन बसलो होतो. तसाच ब्राइटनेस हळूहळू वाढवत नेलात तर एका टप्प्यानंतर तुटकपणा कमी होतो, माझ्याकडे तो ७० च्या आसपास झाला. मग मी उलटं केलं, मॉनिटर ७० वर ठेवला, ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमधून रंगांचा उजेड उतरवला आणि स्क्रीनमागच्या भिंतीवर एक दिवा लावला. काळा रंग थोडा फिका दिसतो, फोटोचं काम करणाऱ्याला नाही चालणार, पण माझं काम अक्षरांचं आहे. आठवड्याभरात डोकं दुखायचं थांबलं.

इथे एक गोंधळ बऱ्याच जणांचा होतो तो सांगतो. रिफ्रेश रेट, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने उमटतं ते, वेगळा आणि मागच्या दिव्याचं हे फडफडणं वेगळं. जुन्या डबा मॉनिटरवर ६० हर्ट्झला चित्र खरंच फडफडायचं आणि ७५ किंवा ८५ केलं की शांत व्हायचं, ती सवय डोक्यात राहिलीये. एलसीडीत चित्र तसं विझत नाही, त्यामुळे १४४ हर्ट्झ लिहिलंय म्हणजे मागचा दिवा फडफडत नाही असं अजिबात नाही. नवीन घेताना फ्लिकर-फ्री लिहिलंय का ते बघा आणि तरी पेन्सिल फिरवून खात्री करा. ओलेड स्क्रीनच्या फोनमध्ये पण कमी ब्राइटनेसला हाच प्रकार असतो, काही फोनमध्ये त्यासाठी उघडझाप न करता उजेड कमी करणारा डीसी डिमिंग नावाचा पर्याय सेटिंगमध्ये दिलेला असतो.

दुसरी गोष्ट अक्षरांचा आकार, आणि माझ्या मते ज्यांना पीडब्ल्यूएमचा त्रास नाही त्यांच्यासाठी हीच पहिली. स्क्रीन हातभर लांब हवी, ५० ते ७० सेंटीमीटर, पण अक्षरं बारीक असली की माणूस नकळत पुढे झुकतो आणि एवढ्या जवळ सतत फोकस करून डोळ्यांचे स्नायू आखडतात. विंडोजमध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये स्केल १२५ टक्के करा. रेझोल्यूशन मात्र कमी करू नका, ते पॅनेलचं मूळ असेल तेच ठेवा, नाहीतर अक्षरं मोठी होतात पण कडा धुरकट होतात आणि डोळा ती स्पष्ट करायला धडपडत राहतो. क्लिअरटाइप नावाची सोय विंडोजमध्येच आहे, त्यात दोन मिनिटं देऊन आपल्याला स्पष्ट दिसेल तो नमुना निवडायचा. शार्पनेस वाढवून अक्षरं स्पष्ट होतील असं वाटतं पण अक्षरांभोवती पांढरट कड उमटते, मी तो मूळ जागी आणला. टीव्ही मॉनिटर म्हणून वापरत असाल तर पीसी मोड शोधा, नाहीतर रंगीत अक्षरांच्या कडा फिसकटतात.

आणि मराठी वाचणाऱ्यांसाठी खास, इंग्रजीला पुरतो तो आकार आपल्याला पुरत नाही. वर वेलांटी मात्रा अनुस्वार, खाली उकार, मधे जोडाक्षरं, हे सगळं तेवढ्याच ओळीत कोंबलेलं असतं. मी ब्राउझरमध्ये मराठी साइट १२५ ते १५० टक्क्यांवर वाचतो.

आता निळ्या प्रकाशाबद्दल, कारण सगळे आधी तिकडेच धावतात. निळा प्रकाश कमी करून स्क्रीन पिवळसर करणारं एफलक्स हे सॉफ्टवेअर २००९ मध्ये आलं, २०१६ मध्ये आयफोनला नाइट शिफ्ट मिळालं, २०१७ मध्ये विंडोज १० ला नाइट लाइट, ही पण तशीच सोय, तेव्हापासून स्क्रीन पिवळी केली की डोळे वाचले असा समज झालाय. मी पण महिनाभर पूर्ण नारिंगी स्क्रीनवर काढला. रात्री ती मऊ वाटते हे खरं, म्हणून मी अजून थोडी ठेवतो, पण चुरचुर आणि ठणका तसाच होता. अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी ही डोळ्यांच्या डॉक्टरांची संघटना स्क्रीनसाठी निळ्या प्रकाशाचे चष्मे घ्या असं सांगत नाही, आणि २०२३ च्या कोक्रेन रिव्ह्यूत (अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष) पण अशा काचांनी डोळ्यांचा शीण कमी होतो असं दिसलं नाही. तो पैसा वाचवा.

डार्क मोडचं प्रत्येकाचं वेगळं. काळ्या पडद्यावर बाहुली मोठी होते आणि ज्यांना सिलिंडरचा नंबर आहे त्यांना पांढरी अक्षरं पसरल्यासारखी दिसू शकतात. मला सिलिंडर आहे, त्यामुळे लांबलचक वाचन मी पांढऱ्यावर काळ्या अक्षरांतच करतो.

सेटिंगच्या बाहेरचं एकच सांगतो. माणूस एरवी मिनिटाला १५ च्या आसपास वेळा पापण्या मिटतो आणि स्क्रीनसमोर ते निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली जातं, कोरडेपणा त्यातून येतो, तिथे कुठलंच बटण कामाचं नाही. दर २० मिनिटांनी २० फूट लांब २० सेकंद बघायचं आणि बघताना मुद्दाम पापण्या पूर्ण मिटायच्या. मात्र अचानक एकाचे दोन दिसायला लागले, डोळ्यात वीज चमकल्यासारखं झालं किंवा काळे ठिपके एकदम वाढले तर सेटिंगशी खेळत बसू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

माझा मॉनिटर आता नीट आहे. लॅपटॉपची स्क्रीन मात्र ५० च्या खाली गेली की पेन्सिल अजूनही तुटक दिसते, त्यामुळे रात्री त्याच्यावर काम करायचं तर आधी खोलीतला मोठा दिवा लावतो आणि मग झाकण उघडतो.